पायऱ्या नसलेलं उत्तर

९ डिसेंबर, सोमवार

पतसंस्थेने दिलेली ही डायरी वर्ष संपत आलं तरी निम्मी कोरी आहे. बायको, मनकर्णा, म्हणते, "वर्गात दिवसभर तोंड चालते तेवढं पुरे नाही काय, लिहायले कायले पाहिजे?" पण आज लिहावंसं वाटतं आहे.

दहावीच्या वर्गसमीकरणांच्या चाचणीचे एकोणतीस पेपर तपासले. वीसपैकी सोळा घेणारा एक, बाकी सगळे आठ-नऊच्या घरात. सत्तावीस वर्षं गणित शिकवतो आहे आणि या प्रकरणाने मला दरवर्षी असंच दमवलं आहे.

शेवटचा प्रश्न मी मुद्दाम अवघड घातला होता. आयताची लांबी रुंदीपेक्षा दहाने जास्त, क्षेत्रफळ दोनशे नव्व्याण्णव, तर लांबी-रुंदी किती? x² + १०x = २९९. मधल्या पदाची फोड करायची तर दोनशे नव्व्याण्णवचे अवयव सुचावे लागतात, ते कोणाला सुचत नाहीत. सूत्र वापरलं तर वर्गमूळ काढताना घाम फुटतो. अठ्ठावीस जणांना जमलं नाही.

एकोणतिसावी रुपा लांजेवार. आसगावहून सायकलने येते, तिसऱ्या बाकावर बसते, वर्षभरात तिचा आवाज मी चार वेळा ऐकला असेल. तिने लिहिलं आहे, रुंदी १३, लांबी २३. बस्स. वर समीकरण नाही, खाली पडताळा नाही, एकही पायरी नाही. कडेला पेन्सिलीने काही चौकोन काढून खोडलेले दिसतात.

उत्तर बरोबर आहे. पण पायऱ्यांशिवाय आलेलं बरोबर उत्तर म्हणजे काय, हे एवढ्या वर्षांत मला चांगलं कळतं. शून्य दिलं आणि शेजारी लाल पेनाने 'कॉपी' लिहिलं.

१० डिसेंबर

पेपर वाटले. रुपाला उभं केलं आणि उत्तर कुठून आणलं ते विचारलं. मान खाली. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा म्हणाली, "कापून जोडलं, सर."

"काय कापलं?"

"ते जास्तीचं. कापून दोन्हीकडे जोडलं."

सगळा वर्ग हसला. माझं डोकं फिरलं. चोरी करायची आणि वरून गंमत करायची! मी म्हणालो, "पेनाची असो का उत्तराची, चोरी ती चोरीच. या वर्गात चोर बसलेले मला चालत नाहीत." आणि पुढचं उदाहरण फळ्यावर घेतलं.

ती तास संपेपर्यंत उभीच होती. मी तिला बस म्हटलंच नव्हतं, हे घरी आल्यावर लक्षात आलं.

१२ डिसेंबर

जेवताना मनकर्णाला हा प्रकार सांगितला. ती म्हणाली, "बाकीच्या अठ्ठावीस पोरायले आलं नाही म्हणता. मंग तिनं कॉपी केली तरी कोणाची?"

मी म्हटलं, मोबाइल असतो, गाइड असते.

"तिच्यापाशी मोबाइल सापडला काय?"

नाही सापडला. पण या गोष्टी सापडत नसतात, तेच तर आहे. गणित न शिकलेल्या माणसाशी यावर बोलण्यात अर्थ नाही. रुपा काल आणि आज शाळेत आली नाही.

२० डिसेंबर

मुख्याध्यापक इश्वर मोटघरे माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान, त्यामुळे मला काही सांगायचं असलं की आधी चहा मागवतात. आज चहा मागवला.

"सर, लांजेवारची पोरगी अकरा तारखेपासून गैरहजर आहे. हजेरी भरली नाही तर हॉलतिकीट अडकन. वर्गशिक्षक तुम्ही आहात, जरा घरी जाऊन या ना."

मी म्हटलं, चूक तिची आहे, तिने यावं. मोटघरे म्हणाले, "चुकीचं मले माहीत नाही सर. पण एक पोरगी परीक्षेले बसली नाही तर विचारणा मलेच होईन."

रविवारी जाऊन येईन म्हटलं.

२२ डिसेंबर, रविवार

आसगावला गेलो. आभाळ भरून आलं होतं आणि सगळ्या गावात पुंजणे झाकायची घाई. मळणी व्हायची असलेलं धान कापून, रचून ठेवलेलं. ते भिजलं तर पीक हातचं गेलं.

रुपाचे वडील मळणीच्या कामाला बाहेरगावी होते. आई, चंद्रकांताबाई, अंगणात दाभण आणि सुतळी घेऊन ताडपत्री शिवत बसल्या होत्या. मला पाहून उठल्या, खाट टाकली, पाणी दिलं. मी बसलो नाही. त्या पुन्हा शिवायला लागल्या.

ताडपत्री होती लांबट, आणि पुंजणा गोल. लांबट ताडपत्री टाकली तर दोन बाजूंनी जमिनीवर लोळते आणि दोन बाजूंनी धान उघडं पडतं. म्हणून ती चौरस करावी लागते. आठ हात रुंद, चौदा हात लांब. जास्तीचे सहा हात त्यांनी कापून काढले होते. त्या पट्टीचे तीन-तीन हातांचे दोन भाग केले होते. एक भाग एका बाजूला शिवून झाला होता, दुसरा लगतच्या बाजूला. ताडपत्री चौरस झाली होती, फक्त एका कोपऱ्यात तीन हात बाय तीन हात जागा रिकामी राहिली होती. तिथे खताचं पोतं उसवून लावणं चाललं होतं. यात नवल काही नाही. आमच्या भागात सगळेच असं करतात, मी लहानपणापासून पाहत आलो.

काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "पोतं किती लागन, हे आधी कसं कळते?"

"रुपा सांगते ना," त्या मान वर न करता म्हणाल्या. "कापायच्या आधीच सांगते. आई, कोपरा एवढा उरन, अन् सगळी मिळून एवढी होईन. गावातले लोकं ताडपत्री घेऊन तिलेच विचारायले येतात."

मी उभ्या उभ्या हिशोब केला. आठ गुणिले चौदा, एकशे बारा. कोपऱ्याचे नऊ मिळवले, एकशे एकवीस. अकराचा वर्ग. आणि मग दुसरा, चाचणीतल्या आयताचा हिशोब मी न करताच होत गेला. दहाचे अर्धे पाच. पाचाचा वर्ग पंचवीस. दोनशे नव्व्याण्णव आणि पंचवीस, तीनशे चोवीस. अठराचा वर्ग. अठरातून पाच गेले, तेरा.

ही पूर्ण वर्ग पद्धत आहे. पुस्तकात दिलेली आहे. मी ती दरवर्षी पाच मिनिटांत उरकतो, कारण मुलं गोंधळतात आणि अवयवांवर भागून जातं. 'कापून दोन्हीकडे जोडलं' असं तिने मला भर वर्गात सांगितलं होतं. त्याहून स्पष्ट तिने काय सांगायचं होतं? मला लाज वाटली. खाटेवर बसलो.

रुपा दाराशी येऊन उभी होती. मी म्हणालो, "रुपा, तुझं उत्तर बरोबर होतं. शाळेत ये. हजेरीचं मी बघतो."

चंद्रकांताबाईंनी दाभण खाली ठेवलं. "सर, चोर म्हटलं ते तुम्ही वर्गात म्हटलं ना? मंग ती चोर नाही, हेबी वर्गातच सांगा. इथं सांगितलं तर ते आमच्या घरातच राहीन. रस्त्यानं पोरी तिले चोरटी म्हणून राहिल्या."

"सांगतो," मी म्हणालो.

"तुमच्या शब्दावर पाठवतो मी तिले."

म्हणजे माफी मागितल्यासारखंच झालं. परत येताना मन बरंच हलकं होतं.

२४ डिसेंबर

रुपा आली. आज सांगणार होतो, पण विस्तार अधिकारी तपासणीला आले आणि तास अर्धाच मिळाला. आता सुट्टीनंतर.

दुसरीही एक बाजू आहे. पायऱ्या न लिहिलेल्या उत्तराला मी भर वर्गात बरोबर म्हटलं, तर बोर्डाला दोन महिने असताना बाकीचे अठ्ठावीस पायऱ्या लिहायचं सोडून देतील. सांगायचं आहेच, पण कसं सांगायचं याचा विचार करायला हवा.

३ जानेवारी

नवी डायरी.

आज जो तास झाला तसा कित्येक वर्षांत झाला नव्हता. घरून जुनी चादर आणि कात्री नेली. चादर टेबलावर पसरून जास्तीची पट्टी कापली, अर्धी-अर्धी करून दोन बाजूंना जोडली आणि विचारलं, "काय कमी पडलं?" सगळे ओरडले, "कोपरा!" पूर्ण वर्ग पद्धत वीस मिनिटांत वर्गाच्या हातात आली. मागच्या बाकांवरचेही उत्तरं सांगत होते. "सर, हे तर आमच्या घरी करतात!" म्हणत होते.

रुपाचं नाव घ्यायचं मनात होतं. पण तास रंगला होता, जुना विषय काढून विरस कशाला करायचा, असं वाटलं. ती एकटक फळ्याकडे बघत होती. वहीत मात्र तिने काही उतरवून घेतलं नाही. तिला ते येतच होतं म्हणा.

चादर कापल्याबद्दल मनकर्णाची बोलणी खाल्ली.

१८ जानेवारी

सराव परीक्षेचे पेपर तपासून झाले. रुपाचा पेपर पाहून समाधान वाटलं. प्रत्येक उदाहरण अवयव पद्धतीने, सगळ्या पायऱ्यांसह. दोन अर्धवट सुटली आहेत आणि गुण पहिल्यापेक्षा कमी आहेत, पण शिस्त आली. वर्गातही आता गप्प, नीट असते. समजलं का विचारलं की "हो सर" म्हणते. माझ्या बोलण्याचा काहीतरी चांगला परिणाम झाला म्हणायचा.

२५ जानेवारी

पवनीला तालुक्यातल्या गणित शिक्षकांची कार्यशाळा होती. मोटघरेंनी परस्पर माझं नाव दिलेलं. चाळीस शिक्षकांसमोर ताडपत्रीचं उदाहरण देऊन चादरीचा प्रयोग केला. मी बसल्यावरही टाळ्या चालू होत्या. संयोजकांनी फळ्यावर लिहिलं, 'सेलोकर सरांची ताडपत्री पद्धत'. फोटो काढले, प्रमाणपत्र दिलं. निवृत्तीला सव्वा वर्ष राहिलं असताना हे मिळालं. आनंद झाला, नाही कशाला म्हणू?

घरी येऊन प्रमाणपत्र मनकर्णाच्या हातात दिलं. तिने चष्मा लावून ते दोनदा वाचलं.

"त्या पोरीनं कोणाचंच घेतलं नोहतं, तरी तुम्ही तिले चोर म्हटलं," ती म्हणाली. "तुम्ही तिचं घेतलं, तं तुम्हाले कागद भेटला."

मी जेवलो नाही.

२८ जानेवारी

वर्तमानपत्रात फोटो आला, खाली 'सेलोकर सरांची ताडपत्री पद्धत'. मोटघरेंनी तो कापून शाळेच्या सूचना फलकावर लावला आहे. प्रार्थनेनंतर सगळी मुलं तिथे जमली होती. मी स्टाफरूमच्या खिडकीतून पाहिलं. रुपानेही वाचलं. सायकलची किल्ली बोटात फिरवत वाचत होती, मग वर्गात गेली.

फलकावरून तो काढावा असं मोटघरेंना सांगायला गेलो होतो. त्यांनी चहा मागवला. मी चहा पिऊन परत आलो.

८ फेब्रुवारी

मनकर्णा बोलते, पण कामापुरतं.

आज दहावीचा निरोप समारंभ. आज सांगायचंच, असं ठरवून गेलो होतो. भाषणाला उभा राहिलो. समोर मुलं, पालक, मोटघरे. वक्तशीरपणापासून सुरुवात केली आणि शिस्तीवर संपवलं. खाली बसल्यावर लक्षात आलं की सांगायचं राहून गेलं.

स्वतःच्या डायरीत तरी खोटं कशाला लिहू? राहून गेलं नाही. बोलत होतो तेवढा सगळा वेळ ते माझ्या लक्षात होतं. चंद्रकांताबाई मागच्या खुर्चीवर बसून माझ्याकडे बघत होत्या. मला भीती वाटली. सत्तावन्न वर्षांचा माणूस पंधरा वर्षांच्या मुलांना भ्यालो.

५ मार्च

बीजगणिताचा पेपर. केंद्राबाहेर थांबलो होतो. मुलं बाहेर आली, घोळका करून उत्तरं ताडून पाहू लागली. तसलंच लांबी-रुंदीचं एक उदाहरण आलं होतं, चार गुणांचं. अवयव सहज न सुचणारं. मला मनातून बरं वाटलं. निदान एका मुलीला तरी ते आलंच असणार.

रुपा सगळ्यांत शेवटी आली. मी विचारलं, "शेवटचं सोडवलं ना?"

"नाही सर."

"काहून? तुला तर ते तोंडी येते."

"अवयव पडले नाहीत."

"अगं, मग कापून जोडायचं! तुझ्या पद्धतीनं!"

तिने पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं. चिडून नाही, आवाजही चढवला नाही. "ते तर तुमचं आहे ना सर," ती म्हणाली. "फलकावर लावलेल्या फोटोखाली तसंच लिहिलं होतं. मी लिहिलं असतं तं पुन्हा कोणी चोर म्हटलं असतं."

सायकलवर बसून गेली. केंद्राच्या शिपायाने येऊन, "सर, फाटक लावतो," म्हटलं तेव्हा निघालो.

मनकर्णाला सगळं सांगितलं. तिने ताट वाढलं. बोलली असती तर बरं झालं असतं.

२६ मे

गुणपत्रिका वाटप. रुपा पास झाली आहे. गणितात शंभरापैकी त्रेपन्न.

वाटपाआधी मी उभा राहिलो आणि सांगितलं. रुपाचं उत्तर तिचं स्वतःचं होतं. मी तिला चोर म्हटलं, ते खोटं होतं. चादरीचा जो प्रयोग मी वर्गात केला तो तिच्याकडून कळला आणि मी तिचं नाव घेतलं नाही. याबद्दल मी तिची माफी मागतो. एवढं बोलायला दीड मिनिट लागलं. दीड मिनिटाचं काम मी पाच महिने टाळलं.

मुलं चुळबुळत होती. निम्मी मोबाइलमध्ये डोकं घालून होती. कामिनी, जी वर्षभर रुपाच्या शेजारी बसली, शेजारणीला विचारत होती, "कोणतं उत्तर बाप्पा?" आणि रुपा आलीच नव्हती. गुणपत्रिका घ्यायला चंद्रकांताबाई आल्या होत्या.

बाहेर व्हरांड्यात त्यांना गाठलं. रुपा कुठे आहे, विचारलं.

"शहापूरले, मावशीपाशी. तिथंच अकरावीले नाव घालून राहिलो. आर्टले."

"आर्ट? गणित?"

"नाही म्हणते."

"मी शहापूरला जाऊन तिच्याशी बोलतो."

"नका जाऊ, सर." त्यांनी गुणपत्रिका पिशवीत घातली. "तुम्ही गेले तं ती उठून उभी राहीन, तुमचं सगळं ऐकून घेन अन् मान हलवन. तिले पुन्हा तसं उभं राहिलेलं मले पाहायचं नाही."

मी म्हटलं, आज मी सगळ्यांसमोर बोललो.

"बोलले, चांगलं केलं. पण हे पोरं तं कवाचेच विसरले होते. पवनीले मोठ्या लोकायत तुमच्या नावानं टाळ्या वाजल्या ना? तिथं कोण सांगन?"

त्या गेल्या. त्यांचं म्हणणं बरोबर होतं. मी सोपी जागा निवडली होती.

२ जून

पवनीच्या संयोजकांना पत्र लिहिलं. तीनदा फाडलं. पत्रात सगळं नीट बसतं, म्हणूनच ते खरं वाटत नाही. शेवटी फोन केला आणि पुढच्या कार्यशाळेत दहा मिनिटं मागितली. ते म्हणाले, "दहा कायले सर, अर्धा तास घ्या! नवीन काही शोधलं काय?"

मनकर्णा म्हणाली, "मीबी येऊ काय संग?" मी नको म्हटलं.

२८ जून, शनिवार

सकाळच्या बसने पवनीला गेलो. साधारण तेच शिक्षक, काही नवे. फळ्यावर माझं नाव आधीच लिहून ठेवलेलं होतं. ते मी पुसलं आणि लिहिलं, रुपा लांजेवार, आसगाव. मग सगळं सांगितलं. चाचणी, लाल पेनाने लिहिलेला शब्द, तिला तासभर उभं ठेवलेलं, अंगणातली ताडपत्री, प्रमाणपत्र. काही वगळलं नाही. हात टेबलावर टेकवून ठेवले होते. प्रमाणपत्र संयोजकांसमोर ठेवलं. त्यांना त्याचं काय करावं ते कळेना, त्यांनी ते हजेरीपटाखाली सरकवलं.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एकदोघे खाली बघत होते. त्यांना त्यांचा कोणी विद्यार्थी आठवला असेल, किंवा माझी कीव आली असेल.

मागच्या रांगेतून एक तरुण शिक्षिका उभ्या राहिल्या. नोकरीचं पहिलंच वर्ष असावं. त्यांनी विचारलं, "सर, ती मुलगी आता कुठे आहे? अकरावीत गणित घेतलं असेल ना तिनं?"

मी म्हणालो, "नाही. सोडलं."

"एवढी हुशार मुलगी! का सोडलं?"

सगळे माझ्याकडे बघत होते.

"माझ्यामुळे," मी म्हणालो.

त्या खाली बसल्या. मग मीही बसलो.